भिंतीशी खेळलेला फुटबॉल

आमच्या दिग्रसच्या क्लबात खेळाडू निवृत्त होत नाही, त्याला बढती देतात. माझा गुडघा कामातून गेला तेव्हा क्लबच्या अध्यक्षांनी चहा पाजून मला कोच केलं. "पयनं होत नाही तुह्यानं, पन बोलनं तं होते," ते म्हणाले. त्यांच्याच कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आम्ही सराव करत असू. शिट्टी गळ्यात आली आणि मी ती घालून बाजारातसुद्धा जाऊ लागलो.

दिवाळीनंतर कापूस आला की आवारात गंज्या लागत आणि मैदान रोज थोडं कमी होई. शेवटी कंपाउंडच्या भिंतीलगत एक चिंचोळी पट्टी उरली. शहाण्या माणसाने दुसरी जागा शोधली असती. मी त्यातून तंत्र काढलं. चेंडू भिंतीवर मारायचा, समोरच्याला चुकवून पुढे पळायचं आणि परत आलेला चेंडू घ्यायचा. पोरं त्यात तरबेज झाली. भिंत दमत नाही, रुसत नाही, असं मी कापसाच्या गाड्या घेऊन रांगेत थांबलेल्या शेतकऱ्यांना ऐकवत असे. तेही बिचारे मान डोलवत. त्यांना कुठे जायचं होतं?

जिल्हा स्पर्धेचे आधीचे सामने आमच्याच आवारात भिंतीच्या जोरावर जिंकले आणि फायनल पुसदला ठरली. "हरले तं शिट्टी दुसऱ्याले देतो," अध्यक्ष म्हणाले. मी हसलो, पण शिट्टी शर्टाच्या आत सरकवली. त्या शिट्टीशिवाय गावात मला कोण विचारत होतं?

पुसदचं मैदान चारी बाजूंनी मोकळं. सुरुवातीलाच आमच्या विंगरने चेंडू जोरात बाहेर हाणला आणि पूर्ण विश्वासाने पुढे धावला. चेंडू तुरीच्या शेतात गेला. दुसऱ्या पोरानेही तेच केलं, मग तिसऱ्याने. पंच वैतागून म्हणाला, "काहून रे, बॉल नाही पाह्यजे का तुमाले?" मध्यंतरात मी सांगितलं, भिंत विसरा. पण हाडात मुरलेली सवय पाच मिनिटांत जाते होय? पाच गोल खाल्ले.

परतीच्या एसटीतच अध्यक्षांनी शिट्टी काढून विंगरला दिली आणि मला मॅनेजर केलं. म्हणजे तिकिटं काढायची आणि पाण्याची कॅन उचलायची. नव्या कोचने दुसऱ्याच दिवशी पोरांना शाळेच्या मोकळ्या मैदानावर नेलं. सायकलने दहा मिनिटांवर आहे ते. मला ठाऊक होतं. पण तिथे माझं ऐकायला गाड्यांची रांग नव्हती.

पुढच्या वर्षी पुसदलाच, पुसदच्याच संघाविरुद्ध, आम्ही एका गोलने जिंकलो. तो कोच घामाघूम होऊन माझ्याकडे आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमच्याच हाताखाली शिकलो न आपन." तो मनापासून बोलत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सामनाभर मी पुसदने गोल करावा म्हणून देवाला विनवत होतो.