माळातलं लोखंड

जर्मनीची लढाई संपली असं सगळे म्हणत होते. आमच्या माळावरची मात्र संपायची होती. औरंगाबादच्या छावणीच्या पलीकडे, वाळूजच्या वाटेला लागून आमच्या मेंढरांचा चरायचा माळ होता. लढाईच्या दिवसांत तो पलटणीनं चांदमारीच्या सरावासाठी घेतला. घेताना निजाम सरकारचा माणूस आला, दवंडी पिटली, लाल निशाणं रोवली, झालं. परत देताना मात्र आम्हाला सतरा खेटे घालायला लावले. माळात न फुटलेले गोळे आहेत, यंत्र फिरवून जमीन साफ होईल, मगच जनावरं सोडा, असा हुकूम होता. तोवर आमची मेंढरं दुसऱ्याच्या बांधाला तोंड लावायची आणि शिव्या आम्ही खायच्या.

शेवटी यंत्र घेऊन एक हवालदार आणि त्याचे शिपाई आले. मी गावच्या सरकारी मदरशात चार बुकं उर्दू शिकलेलो, त्यामुळे हवालदाराचं बोलणं मला कळायचं. म्हणून निशाणं वाहायला आणि काटेकुटे तोडायला त्यानं मला रोजानं घेतलं. काम मिळालं म्हणून मला बरं वाटलं. बायकोला बरं वाटलं ते वेगळ्याच कारणानं.

माळ पलटणीकडे जायच्या आधीच्या हिवाळ्यात आमचं पहिलं लेकरू गेलं होतं. मुलगा होता, अजून रांगतही नव्हता. आमच्यात एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. त्या माळावरच पुरलं आणि तरसानं उकरू नये म्हणून वर धोंडे रचले. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या पायात लोखंडाचं वाळं घातलेलं होतं, ते तिनं काढू दिलं नाही. पुढे पलटणीनं त्या अंगाला माती ओढून उंच बांध घातले, खड्डे खणले. धोंडे कुठे गेले कोण जाणे. जन्म ज्या माळावर काढला, तिथं पोराची जागा मला दाखवता येत नव्हती.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी यंत्राची गंमत सांगायला लागलो. लांब दांडा, टोकाला थाळी, कानाला डबे. जमिनीत लोखंड असलं की कानात भुंगा घुमतो. ती भाकरी थापायची थांबली.

"अवो, मंग वाळं असलं तर वाजंल व्हय?"

"वाजंल की."

"मंग सांगा त्या हवालदाराला. माझ्या लेकराची जागा तेवढी घावू द्या. धोंडे मी पुन्हा रचीन."

हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, यंत्राला वाळं काय नि गोळा काय, सारखंच. वाजलं की आम्ही खणणारच. पण फार आशा धरू नका, असंही म्हणाला. ते मी घरी येऊन सांगितलं, पण तिनं अर्धंच ऐकलं.

मग रोज तेच. दोऱ्या बांधून पट्टे आखायचे. शिपायानं थाळी डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकायचं. वाजलं की मी निशाण रोवायचं आणि मागं व्हायचं. मग दुसरा शिपाई पोटावर पडून संगिनीनं माती टोचत टोचत खणायचा, आणि निघायचा पत्र्याचा डबा. पलटणीनं मटण खाऊन फेकलेले डबे, काडतुसांच्या रिकाम्या नळ्या, घोड्याचे नाल, एकदा चमचा. डोंगर पोखरून उंदीर काढायचा आणि पुन्हा पुढच्या डोंगराला लागायचं. जिवंत गोळा निघाला तर शिपायांनी तो उडवायला वात लावायची, सगळ्यांनी नाल्यात जाऊन पडायचं, आवाज झाला की अंगावरची माती झटकून पुन्हा दोरी धरायची. भीतीसुद्धा किती दिवस पुरणार? पुढे पुढे नाल्यात पडल्या पडल्या मला झोप लागायची.

बायको मेंढरं घेऊन दोरीपलीकडे बसलेली असायची. निशाण रोवलं की उठून उभी राहायची, डबा निघाला की खाली बसायची. ही उठबस करून ती माझ्याहून जास्त थकायची. उद्या येऊ नको म्हटलं की मान डोलवायची, आणि उद्या यायची.

एका दुपारी जुन्या बांधाच्या पायथ्याशी यंत्र वाजलं. शिपायानं माती सारली आणि गंजलेली एक लहानशी कडी वर काढली. बायको दोरीखालून आत शिरली. हवालदार ओरडला, पण ती थांबली नाही. तिनं ती कडी शिपायाच्या हातातून घेतली, पदरानं पुसली.

"ह्येच. ह्येच हाय."

मलाही ते खरं वाटलं. मी तिथंच बसलो. रडूही आलं, आणि कधी नव्हे ते हलकंही वाटलं.

हवालदार जवळ आला. आमच्याकडे न बघता हळूच म्हणाला, ही हातबॉम्बची कडी. ही ओढायची आणि बॉम्ब फेकायचा. इथं पलटणीच्या पोरांना तेच शिकवत असतील.

"नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात पुढं यंत्र पुन्हा वाजलं. तशीच कडी. आणखी पुढं आणखी एक. संध्याकाळपर्यंत त्या उतारावर कड्यांचा ढीग झाला. तिनं मुठीतली कडी त्या ढिगावर ठेवली. ठेवल्यावर त्यातली तिची कोणती, ते ओळखू येईना.

काम संपायच्या दिवशी हवालदारानं, कुणी सांगितलेलं नसताना, स्वतः दांडा घेतला आणि तो सगळा उतार पुन्हा पालथा घातला. काही वाजलं नाही. वाळं खोल गेलं असेल, गंजून माती झालं असेल, नाहीतर गोळ्यानं... एवढं बोलून तो थांबला. माणूस भला होता. दुसऱ्या दिवशी तहसीलचे लोक आले, तेव्हा त्यांना म्हणाला, "ये जमीन साफ है. इसमें कुछ नहीं."

मी बायकोकडे बघितलं. हे तिला मराठीत सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण औरंगाबादच्या बाजारात लोकर विकणाऱ्या बाईला एवढं कळत होतंच.

दोऱ्या सुटल्या. लोक आरडाओरडा करत मेंढरं आत घालू लागले. ती काठावरच उभी राहिली. मी म्हटलं, चल. तिनं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

"काटे लागतील," मी म्हणालो.

"लागू द्या. कुठं निजलंय ते ठावं नाय. म्हंजी आता समद्या माळावरच हाय."

मीही वहाणा काढल्या. त्या माळावर मेंढरांमागं आम्ही मग कायम अनवाणीच फिरलो. पुढं झालेली लेकरं काटा रुतला की भोकाड पसरायची, इथंच का वहाणा काढायच्या म्हणून भांडायची. ती खाली बसून काटा काढायची आणि म्हणायची, "हळू रडा. दादा निजलाय."