मोटारीच्या तळाचं भोक

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर आपण सगळे बोलत असताना तुम्ही आईला तिच्या डाव्या पोटरीवरच्या व्रणाबद्दल विचारलंत. ती हसत म्हणाली, "लहानपणी गाडीत उड्या मारत होते, पाय खाली गेला." मी गप्प बसले. पन्नास वर्षं गप्पच बसले आहे. आता लिहून ठेवते, कारण ते खोटं आहे.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहत होतो. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तुमच्या आजोबांचे अप्पा, नवी पेठेत कापडाचं दुकान चालवत. दारात त्यांची जुनी काळी मोटार असे. दुष्काळ होता, नळाला दिवसाआड पाणी. रांगेत उभी राहून मी घागरी आणायची आणि त्यातल्या दोन मोटारीला जायच्या. मामंजी ती नुसती बाहेरून धूत नसत, दारं उघडून आतही पाणी ओतत. "लक्ष्मी आहे ती," म्हणत. ते पाणी रबरी चटईखाली तसंच साचून राही.

एका लग्नासाठी आम्ही अकलूजला निघालो होतो. तुमची आई सहा वर्षांची, अंगात नवं परकर-पोलकं. ते मळू नये म्हणून तिनं अगदी जपून आत पाऊल टाकलं. मी मागेच उभी होते. चटई खचली आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत तळातून आरपार गेला. पत्र्यानं पोटरी फाटली. ती माझ्या मांडीवर रक्तबंबाळ, आणि मामंजी म्हणाले, "कितीदा सांगितलं, पोरीच्या जातीनं गाडीत उड्या मारू नयेत!"

"ती उड्या मारत नव्हती," मी म्हणाले.

"जाऊ दे ना, अप्पा आधीच चिडलेत," तुमचे आजोबा मलाच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री आले. मामंजी दुकानात होते. मिस्त्रींनी भोकाच्या कडेला पेचकस घातला, तर काळा रंग दिलेली लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, सुटली आणि आतून गोणपाटाचा बोळा निघाला.

"हे कुणी भरलं?" मी विचारलं.

"मीच की, वैनी. दिवाळीच्या आधी. तवाच सायबांना म्हनलो, गाडी कोकणातनं आणली काय? आपल्या सोलापुरात एवढा गंज धरत न्हाई. पत्रा मारू म्हनलो. सायेब म्हनले, नको, चटई टाकली की दिसत न्हाई."

मग त्यांनी कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला, नवा तुकडा वेल्डिंग करून बसवला आणि खालून डांबर फासलं. एका दुपारचं काम.

संध्याकाळी तो बोळा मी मामंजींच्या ताटाशेजारी ठेवला.

"सूनबाई, इंग्रजी शिकलात म्हणून मोठ्यांना जाब विचारणार?"

"जाब नको. पोरीला एवढंच सांगा, चूक तिची नव्हती."

त्यांनी भात संपवला, हात धुतले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी मोटारीला पाणी दिलं नाही. पण पोरीला त्यांनी कधीच सांगितलं नाही. आणि घरात वाद नको म्हणून मीही सांगितलं नाही. याबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त चीड येते.

मामंजी गेले. मोटार भंगारात गेली. तुमच्या आईच्या पोटरीवरचा व्रण आहे, आणि आपणच उड्या मारत होतो असं ती अजून सांगते.