अंजिराच्या जॅमचे पीळ

तोंडावर कुणाला वाईट म्हणणं मला जमत नाही. हा चांगुलपणा आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

छावणी भागातल्या एका बेकरीत एक म्हातारे गृहस्थ जॅमचे पीळ करायचे. अंजिराचा जॅम घरीच शिजवायचे. मैद्याच्या पट्टीवर तो पसरून, पट्टी दुमडून दोन्ही टोकांना उलटा पीळ द्यायचे. जॅम ते स्वतः कधी चाखत नसत. जॅम आळलाय का ते बघायला गार ताटलीवर थेंब टाकून बोटानं रेघ ओढायचे, आणि भट्टीतला पहिला पीळ शाळेत शिकवून परतणाऱ्या माझ्या हातात ठेवून माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे.

एके दिवशी जॅम करपलेला होता, कडूजहर.

"कसा झालाय, सर?"

"एकदम फस्क्लास," मी म्हणालो.

त्यानंतर रोजच तो कडू लागायला लागला. मी रस्ता बदलला.

अंजिराच्या पुढच्या हंगामात गेलो, तर कपाटात नुसते टोस्ट होते.

"पीळ बंद केले?"

"गिऱ्हाईकच येईना, सर. करोनापासून मला वास नाय, चव नाय. तुमच्या तोंडाकडं बघूनच अंदाज घ्यायचो. त्या दिवशी माझा डोळा लागला, जॅम लई शिजला. पण तुम्ही फस्क्लास म्हणलात, म्हणून मग रोज तेवढाच शिजवला." टोस्टचं पाकीट बांधता बांधता ते थांबले. "तुम्हाला तर आवडला होता ना?"

मी याही वेळी मान डोलावली.