पोत्याला स्टेथोस्कोप

त्या आल्या की गळ्यातला स्टेथोस्कोप काढून तांदळाच्या पोत्याला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आहेत. आत आहेत."

आता तुम्हीच सांगा, मालाडच्या बाजारात तांदूळ विकणाऱ्या माणसाने हे ऐकून काय करावं? आत काय आहेत ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी एक बाई पिशवीची घडी करून समोरच्या दुकानात गेली. मग मी जे ओरडलो, ते चार दुकानांपर्यंत ऐकू गेलं. पोती वाहत वाहत मी हे दुकान उभं केलंय. तोंड चालवल्याशिवाय ते उभं राहिलं नसतं.

त्या मात्र शांत. "शेठ, मी डॉक्टर आहे, पण किड्यांची."

अंधेरीच्या एका कॉलेजात त्या संशोधन करायच्या. हवा गरम होत चालली तर धान्यातले सोंडे किती खातात, किती वेगाने वाढतात, हा विषय. काचेच्या बाटलीत सोंडे बंद करून त्यांचा श्वास मोजायच्या. मी म्हटलं, "मॅडम, जिना चढून मला धाप लागते, ती मोजायला कोणी येत नाही."

"तुम्ही बाटलीत मावणार नाही," त्या म्हणाल्या.

त्यांना हवा होता माझा पोटमाळा. वर पत्रा, खाली तांदूळ. आमच्या कोकणातल्या गिऱ्हाइकाला नव्या तांदळाचा चिकट भात चालत नाही, म्हणून मी वर्षभर पोती ठेवून तांदूळ जुना करतो. बाजारात माझं जे नाव आहे, ते त्या पोत्यांमुळे. तिथे त्यांना तापमान मोजणारं यंत्र टांगायचं होतं आणि दर सोमवारी मूठभर तांदूळ न्यायचा होता.

अर्धा तास घासाघीस केली. दुपारी शटर अर्धं खाली असताना यायचं. गिऱ्हाइकासमोर किड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घरचा तांदूळ माझ्याकडूनच घ्यायचा. आणि जे काही छापाल, त्यात माझं नाव कुठेही येता कामा नये. त्यांनी सगळं मान्य केलं. इतकं पटकन, की काहीतरी मागायचं राहिलं असं मला आजही वाटतं.

सोंडा दिसला की माझा अंगठा आपोआप पुढे जायचा. "मारू नका हं, मोजायचे आहेत," हे मी किती वेळा ऐकलं असेल.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्या माळ्यावरून उतरल्या त्या कपाळाला आठ्या घालून. "शेठ, यंदा थंडी पडलीच नाही. एरवी थंडीत सोंडे सुस्तावतात, यंदा नाही सुस्तावले. पोती फेब्रुवारीत खाली काढा."

"मी दरवर्षी मेमध्ये काढतो."

"मेपर्यंत नुसती पोतीच उरतील."

"एप्रिल."

"फेब्रुवारी."

"बरं, ना तुमचं ना माझं. मार्चअखेर."

"सोंडे घासाघीस करत नाहीत, शेठ."

मला तांदूळ शिकवणार? मी मार्चअखेरच माळ्यावर चढलो. पहिलं पोतं उघडलं, तर तांदूळ चालत होता. मी तिथेच बसलो. ह्याचा जुना तांदूळ किडका, एवढं एकदा बाजारात झालं की वीस वर्षांचं नाव एका दिवसात जाणार.

फोन केला. त्या धावत आल्या, पोत्यात डोकावल्या आणि चेहरा असा उजळला, जणू बारशाला आल्यात. "किती सुंदर," म्हणाल्या. हा माझा पहिला राग.

मग ओढणी कमरेला बांधून त्यांनी चार दुपारी त्या पत्र्याखाली काढल्या. एकेका पोत्याला स्टेथोस्कोप. "हे गेलं. हेही गेलं. हे गप्प आहे, वाचलं." घामाने भिजलेल्या, भुकटीने पांढऱ्या झालेल्या. निम्म्याहून जास्त पोती वाचली. किडलेला तांदूळ कोंबड्यांच्या खाद्याला गेला आणि माझं नाव राहिलं.

गेल्या वर्षी त्या हिमाचलात गेल्या, थंड डोंगरातले किडे बघायला. जाताना स्टेथोस्कोप माझ्या काट्यावर ठेवून गेल्या. मागून टपालाने छापील संशोधन आलं. शेवटी आभार: 'मालाड येथील एक तांदूळ व्यापारी.' मालाडात तांदूळवाले काय थोडे आहेत? समोरचा दुकानदार मेला सांगत फिरतो, "तो व्यापारी मीच."

फोन लावला. "मॅडम, माझं नाव?"

"तुमचीच अट होती."

"अट मागे घेतो."

"छापून झालं, शेठ."

हा दुसरा राग, आणि तो जाणार नाही. म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. फिटंफाट.

यंदा जानेवारीतच माळ्यावर चढलो. तिसऱ्या पोत्याला स्टेथोस्कोप लावला, आत बारीक कुरकुर. पोत्याचं तोंड सोडलं, एक सोंडा बाहेर आला. अंगठा उचलला, तो तसाच हवेत राहिला. मग परात घेऊन बसलो. सत्तेचाळीस झाले तेवढ्यात खालून गिऱ्हाइकाने हाक मारली. आकडा चुकला. गिऱ्हाइकाला म्हटलं, थांब जरा, आणि पुन्हा एकापासून सुरुवात केली.