ऐकीव साक्ष

उत्तरपत्रिकांवरचे शेरे आणि भावाला पाठवलेली खुशालीची पत्रे यांपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर वाचकांचा वेळ मागण्याचे हे धाडस क्षम्य मानावे. सांगायचे आहे ते फार मोठे नाही. ते ऐकीव नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी काही वर्षे राज्यशास्त्र शिकवत असे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार स्वतःला गुन्ह्यात गुंतवणारी साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, ही पाचव्या दुरुस्तीतली तरतूद मी वर्गात घडाघड सांगे. पुढे यजमानांना सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर नोकरी लागली आणि आम्ही क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आलो. ते सकाळीच कंपनीच्या बसने जात, आमची एकुलती एक मुलगी शाळेत जाई. दिवसभरात माझा आवाज मला ऐकू येई तो कुकरच्या शिट्ट्या मोजताना.

मुलीच्या शाळेत अमेरिकी अभ्यासक्रम होता आणि तिथल्या पद्धतीच्या लुटुपुटीच्या खटल्यांची स्पर्धाही असे. तिला पुढे कायदाच शिकायचा होता. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने प्रवेश देऊ केला होता. होकार तेवढा कळवायचा राहिला होता. मला काय वाटते, हे तिने दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा मी विषय जेवणाकडे वळवला.

स्पर्धेच्या तयारीसाठी तिने मला साक्षीदार केले.

"इथे ज्युरी नसते, आपल्याकडेही नाही," ती म्हणाली, "पण मला हवीय." आणि तिने मसाल्याच्या बारा बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या. "त्यांच्याकडे बघून बोल. मोहरी झोपलीय बघ."

खटला एका मोटारीने सायकलला धडक दिल्याचा होता. मी समोरच्या घरात राहणारी बाई.

"गाडी किती वेगात होती?"

"बरीच. म्हणजे, हे म्हणाले की..."

"ऑब्जेक्शन! हिअरसे!" प्रतिपक्षाची वकील होऊन तिने हरकत घेतली आणि न्यायाधीश होऊन लगेच मान्यही केली. "सस्टेन्ड. आई, ऐकीव साक्ष, म्हणजे बाबा काय म्हणाले ते, चालत नाही. ते इथे नाहीत, त्यांना उलटे प्रश्न कोण विचारणार? तू काय पाहिलंस?"

मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा "हे म्हणाले"वर येऊन ठेचकाळले.

"तुझं सगळं हिअरसेच आहे, लाह!" इथल्या मुलांच्या ढंगात म्हणत ती हसत सुटली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी घरात एकटी असताना मात्र ते हसू आले नाही. कोणत्या हॉकर सेंटरमधल्या गाड्यावरचा डोसा बरा, कोणता कॉन्डो महाग, हार्बरफ्रंटला संध्याकाळी किती छान वाटते, हे सारे मला ठाऊक होते; आणि ते सारे ह्यांनी म्हटलेले होते. म्हणून मी एकटीच एमआरटी मेट्रोने हार्बरफ्रंटला गेले आणि धक्क्यावरून सुटणाऱ्या फेरीबोटींकडे पाहत बसले. खरोखरच छान वाटले. रात्री जेवताना तसे सांगितले, तर यजमान म्हणाले, "अगं, मी म्हटलं होतंच की तुला."

त्यानंतरच्या सरावात माझी साक्ष निर्दोष झाली. तरीही मुलीने बरण्या उचलल्या नाहीत. त्याच वकिली आवाजात तिने विचारले, "मी अमेरिकेला जावं, असं साक्षीदाराला वाटतं का?"

"बाबा म्हणतात, अशी संधी..."

"ऑब्जेक्शन." या वेळी ती हसली नाही.

"मग मी पाचव्या दुरुस्तीचा आधार घेते."

"तो गुन्ह्यात अडकू नये म्हणून असतो, आई. तू काय गुन्हा केलायस?"

मी बरण्यांकडे पाहिले. "तू जावंस," मी म्हणाले. "पण तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलणारं कोणी उरणार नाही. मला त्याची भीती वाटते."

मग "नो फर्दर क्वेश्चन्स" असे हळूच म्हणत तिने बरण्या फडताळात ठेवल्या, त्याही भलत्याच जागी. जिऱ्याच्या जागी आलेली हळद मी अजून हलवलेली नाही.

ती गेली. आता रोज न चुकता फोन करते. आपल्या वर्गाविषयी दोन वाक्ये, आणि मग तिचा ठरलेला प्रश्न: "आज कोणाशी बोललीस?" कोणाशीच नाही, असे खरे सांगितले की तिचा आवाज उतरतो; गेल्या सुट्टीत तर मैत्रिणींबरोबरची सहल रद्द करून ती इथे धावत आली. एकदा मी खोटे सांगून पाहिले, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी गप्पा झाल्या म्हणून.

"हो? नाव काय त्यांचं?" ती म्हणाली. मला सांगता आले नाही.

उद्या ती पुन्हा विचारील. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितले असते?