एका कुलपाच्या चार किल्ल्या

वेतवाल्याच्या अंत्यविधीला पाळकांनी अचानक किल्लीवाल्याकडे बोट केलं. "शेजारचे दुकानदार दोन शब्द बोलतील."

किल्लीवाला उभा राहिला. वेतवाला म्हणजे सहा वर्षं भिंतीला भिंत लावून बसलेला माणूस. पण त्याचे आईबाप कोण, त्याला गोड आवडायचं की तिखट, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. "खुर्च्या फार चांगल्या विणायचे," एवढं पुटपुटून तो मटकन खाली बसला. तसं सांगण्यासारखं एक होतं. पण त्यात त्याची स्वतःचीच शोभा होती.

वेतवाला पहिल्यांदा दुकानात आला तो हातात किल्ली घेऊन. "हिच्यासारख्या चार करून द्या, भाऊ."

"कुलूप कुठलं?"

"घराचं."

"घरात माणसं किती?"

"दोघंच. मी आणि बायको."

"मग जास्तीच्या चार कशाला? लोणचं घालणार?"

"बायकोला तर एकही नको," वेतवाला म्हणाला. "ती उठतच नाही."

संशय हे किल्लीवाल्याच्या धंद्याचं भांडवलच. कुलूप पाहिल्याशिवाय जोडकिल्ली करायची नाही, हे त्याच्या वडिलांनी कानस हातात देतानाच बजावलं होतं. तो दुकानाची फळी लावून वेतवाल्यामागे मागच्या गल्लीत गेला. एकच खोली. खाटेवर वेतवाल्याची बायको. जिन्यावरून पडून तिचं कमरेखालचं अंग गेलं होतं. उशाशी पानं सुटलेलं बायबल.

"आले का कुलपाचे डॉक्टर?" ती म्हणाली. "नाडी बघा, पण सुई टोचू नका हो."

किल्लीवाला हसला नाही. त्याने कुलूप दोनदा उघडून लावून पाहिलं. तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. वेतवाला दिवसभर कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणत फिरायचा. म्हणून भाजीवाली, शिवणवाली, शाळेतल्या बाई आणि इस्त्रीवाली, अशा चौघींनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. चौघींना चार किल्ल्या.

"आणि हे सगळं फुकट?" रात्री जेवताना किल्लीवाला बायकोला म्हणाला. "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"पाणी तुमच्याच डोक्यात मुरतंय," बायको म्हणाली.

पाच महिन्यांनी वेतवाल्याच्या घरातून रेडिओ आणि भिंतीवरचं घड्याळ गेलं. वेतवाल्याची बायको झोपली होती, तेवढ्यात. कुलूप शाबूत. किल्लीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. पोलीस आधी काय विचारणार? किल्ल्या कोणी केल्या?

तो तसाच शेजारी गेला. वेतवाला भिजवलेला वेत पायाच्या बोटांत धरून ओढत होता.

"कुलूप बदला. आजच. मी बसवून देतो."

"मग उद्या दुपारी तिला कोण वळवणार?"

"अहो, चौघींतली एक चोर आहे!"

"असेलही. तिच्यासाठीही प्रार्थना करतोय."

"आणि तुमचा देव? रेडिओ गेला तेव्हा तो कुठे होता?"

वेतवाल्याचे हात थांबले. "मीही विचारलं त्याला. ही पडली तेव्हा तर आठ दिवस मी त्याच्याशी बोललोसुद्धा नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही. पण भाऊ, येशूने मला एकट्याला सोडलं असतं ना, तर मी कधीच मोडून पडलो असतो. पाच महिने झाले, तिच्या पाठीवर ओरखडा नाही. रेडिओ गेला तर गेला."

"मला तुमच्यात ओढताय का?"

"ओढायला तुम्ही काय वेत आहात? पदरात पडलं ते शेजाऱ्याला सांगितलं. घ्यायचं की नाही, तुमची मर्जी."

किल्लीवाल्याने घेतलं नाही. उलट येताजाता त्याने चौघींना एकेक करून गाठलं. "तुमची किल्ली जागेवर आहे ना? नाही, आपलं सहज विचारलं."

सहज विचारलेलं सहज पोचलं. भाजीवालीने किल्ली त्याच्या टेबलावर आपटली. "गरीब आहोत, चोर नाही. ठेवा ही, उराशी कवटाळून." शनिवारपर्यंत चारही किल्ल्या त्याच्यापुढे येऊन पडल्या.

सोमवारी वेतवाल्याचं दुकान उघडलं नाही. गुरुवारीही नाही. एका कचेरीचं साठ खुर्च्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं, असं कानावर आलं. तेव्हा किल्लीवाला मागच्या गल्लीत गेला. दार उघडंच होतं. वेतवाला खाटेशी बसून डोळे मिटून प्रार्थना करत होता. भाजीवालीचं नाव घेतलं, बाकी तिघींचं घेतलं, मग म्हणाला, "आणि आमचे किल्लीवाले भाऊ. त्यांच्या मनाला स्वस्थता दे."

हा मुद्दाम मला ऐकवतोय की काय? किल्लीवाल्याच्या मनात आलंच.

वेतवाल्याने डोळे उघडले. एका शब्दाने बोल लावला नाही. "पाठीला लाल झालंय," एवढंच म्हणाला. "काल एकटा होतो, डोळा लागला."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर किल्लीवाल्याला बरं वाटलं असतं. चार किल्ल्या खिशात घालून तो दारोदार गेला. भाजीवालीने अर्धा तास त्याला झाडलं आणि किल्ली घेतली. शिवणवालीने घेतली. शाळेतल्या बाईंनीही घेतली. इस्त्रीवालीने दारच उघडलं नाही. म्हणजे तीच चोर? की तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं? त्याला ते कधीच कळलं नाही.

चौथी किल्ली त्याच्या बायकोने हातातून ओढून घेतली. "आणा इकडे. दुपारची पाळी माझी. बघू, मला चोर म्हणायची छाती होते का!"

पाठीचं लाल आठवड्याभरात उतरलं. दुकान उघडलं. किल्लीवाला त्यांच्या प्रार्थनेला कधी गेला नाही. पण वेतवाला काम करता करता येशूबद्दल बोलू लागला, की तो कानस हलक्या हाताने चालवायचा. यात याचा काय डाव असेल, हे तो पाच वर्षं शोधत राहिला. सापडलं नाही.

मग बाहेरगावच्या एका इस्पितळाच्या खुर्च्यांचं काम आलं, दोन दिवसांचं. बायको पडल्यापासून वेतवाला पहिल्यांदाच रात्रीचा बाहेर राहणार होता. तिथेच झोपेत तो गेला. त्या दिवशी निघताना तो पिशवी घेऊन किल्लीवाल्याच्या दुकानापुढे थांबला होता.

"दुपारी वळवताना तिचा डावा हात अंगाखाली राहतो. वहिनींना तेवढं बघायला सांगा."

"सांगतो. आणि बसमध्ये पिशवी मांडीवरच ठेवा. कोणाचा काही भरवसा नाही."

"बरं," वेतवाला म्हणाला. "मांडीवरच ठेवतो."