पारूआत्याचं खोबरेल

दुरुस्तीला आलेलं पातेलं पारूआत्या आधी मांडीवर घ्यायची आणि त्याला विचारायची, “काय रं, कान कुठं टाकलास?” मग हातड्रिलनं भोकं पाडून नवे कान बसवायची. दहिवलीतलं हे दुकान तिच्या नवऱ्याचं. तो वारल्यावर तिनं ते चालू ठेवलं. मी तिथं कान पक्के करणाऱ्या रिव्हेटा ठोकायच्या कामाला होतो. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि अ‍ॅल्युमिनियमची नवी भांडी सहज मिळत नसत, त्यामुळे दुकानात गर्दी असे.

अ‍ॅल्युमिनियम मऊ. भोक पाडताना तापतं आणि त्याचा कीस ड्रिलच्या टोकाला चिकटून बसतो. म्हणून आम्ही टोकावर रॉकेल सोडायचो. एका सकाळी रॉकेलची चिंधी शेगडीजवळ राहिली, भपकन पेटली आणि ती विझवताना आत्याचा डावा तळहात भाजला. तिचे थोरले दीर नामाभावजी धावत आले. दुकान बंद करायचं त्यांनी तिथंच जाहीर केलं. माथेरानच्या एका हॉटेलची पातेली हातात होती. तेवढी पुरी होऊ द्या, मग बघू, असं म्हणून आत्यानं त्यांना थोपवलं.

हाताला पट्टी असतानाच तिनं रॉकेलाऐवजी काय चालेल ते शोधायला घेतलं. साबणाच्या पाण्यानं भोक बरं पडलं, पण धातू काळवंडला. मग तिनं घरातून केसांना लावायचं खोबरेल आणलं. कीस सुटा निघाला, टोक मोकळं राहिलं.

“खातो बी, डोक्याला बी लावतो,” ती म्हणाली. “पातेल्याला बाधायचं नाय.”

तरी तिनं अंगणात दोन चिंध्या पेटवून पाहिल्याच. रॉकेलाची एकदम भडकली. खोबरेलाचीही पेटली, पण बराच वेळ काडी धरल्यावर. तेव्हापासून तेलाची चिंधीसुद्धा शेगडीपासून लांब ठेवायचा दंडक झाला. थंडीत खोबरेल थिजायचं. मग आत्या बाटली कमरेला खोचून हिंडायची.

पातेली झाल्यावर एकात दूध तापवून तिनं भावजींपुढं पेला ठेवला. रॉकेलाचा वास येतो का ते बघायला त्यांनी तो नाकाशी धरला, घोटभर चाखलं आणि मग सगळं प्याले. दुकान बंद करायला निघालेले भावजी दुसऱ्या दिवशी घरचं बिनकानाचं पातेलं घेऊन हजर.

“भावजी, ठाकूरवाडीच्या बाया सकाळधरनं बसल्यात,” आत्या शांतपणे म्हणाली. “त्यांच्या मागं बसा.”

भावजी पातेलं मांडीवर घेऊन निमूट बाकावर बसले. हसू दाबायला मी जोरजोरात रिव्हेट ठोकू लागलो.